वातानुकूलक घ्यावा, पण कोणता?



मे महिना आला की घराघरांत एकच बोलणे सुरू होते. "यंदा काहीतरी करायला हवे. आजोबांना रात्रभर झोप नाही." मग दुकानांच्या फेऱ्या होतात. कोणी कूलर सुचवतो, कोणी एक टनाचा ए.सी. घ्या म्हणतो, कोणी म्हणतो दीड टनच घ्या. तीस-चाळीस हजार रुपये खर्च करायचे आणि निर्णय मात्र ऐकीव माहितीवर घ्यायचा, हे योग्य आहे का? खरे तर या निवडीला लागणारे बरेचसे विज्ञान तुमच्या आठवी ते दहावीच्या पुस्तकांतच आहे. ते वापरून आपण हा प्रश्न सोडवू या.

प्रथम हे लक्षात घ्या, की उन्हाळ्यातील गारवा ही केवळ चैन नव्हे. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंश सें.पर्यंत चढला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू तेथे झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याची स्वतंत्र योजना आखली. वृद्ध माणसे, तान्ही मुले आणि आजारी व्यक्ती यांना उष्णता सर्वांत जास्त बाधते. म्हणून निवड नीट व्हायला हवी.

घाम का वाळत नाही?

आपले शरीर सतत उष्णता निर्माण करते. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॉटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकतो. बाहेरची हवा शरीराहून गरम असेल, तर ही उष्णता जाण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे घामाचे बाष्पीभवन. साधारण ३० अंशांना एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४३० जूल उष्णता शोषली जाते. हीच ती बाष्पीभवनाची सुप्त उष्णता. मातीच्या माठातले पाणी गार होते तेही हिच्यामुळेच.

पण घाम वाळण्यासाठी हवेत वाफेला जागा हवी. नागपूरची मे महिन्यातील दुपार घ्या. तापमान ४३ अंश, सापेक्ष आर्द्रता १५ टक्के. अशा एक घनमीटर हवेत सुमारे ९ ग्रॅम बाष्प असते, आणि ती आणखी ५० ग्रॅम सहज सामावू शकते. आता मुंबई घ्या. तापमान ३३ अंश, आर्द्रता ७० टक्के. येथे घनमीटरमागे सुमारे २५ ग्रॅम बाष्प आधीच भरलेले आहे, आणि फक्त १० ते ११ ग्रॅमची जागा उरली आहे. म्हणूनच नागपूरच्या उन्हात अंग भाजते पण घाम चटकन वाळतो, तर मुंबईत पारा दहा अंशांनी खाली असूनही सदरा अंगाला चिकटतो.

दोन्ही ठिकाणी त्रास आहेच. पण त्रासाचे कारण वेगळे. मग उपायही वेगळा नको का?

दोन तापमापकांचा प्रयोग

हा फरक मोजण्याची एक सोपी युक्ती आहे. दोन सारखे तापमापक घ्या. ते तापाचे नकोत, प्रयोगशाळेतले हवेत. एकाच्या फुग्याभोवती पातळ सुती कापडाची चिंधी गुंडाळा आणि ती पाण्यात भिजवा. दोन्ही तापमापक सावलीत ठेवून त्यांच्यावर पंख्याचा वारा येऊ द्या. पाच-सात मिनिटांनी वाचन करा. कोरड्या तापमापकावर हवेचे तापमान दिसेल. ओल्या तापमापकावरचे त्याहून कमी असेल. याला 'ओल्या फुग्याचे तापमान' म्हणतात. पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त किती गार होऊ शकते, ते यावरून कळते.

वर सांगितलेल्या नागपूरच्या हवेत ओला तापमापक सुमारे २३ अंश दाखवील, म्हणजे फरक २० अंशांचा. मुंबईच्या हवेत तो २८ अंशांच्या थोडा वर थांबेल. फरक जेमतेम साडेचार अंशांचा.

आता कूलरचा विचार करा. कूलरमध्ये वाळा, लाकडाचा भुसा किंवा मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कागदी पॅड पाण्याने ओले ठेवतात आणि पंखा त्यातून हवा ओढतो. पूर्वी विदर्भात दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडत, तोच हा प्रकार. चांगला कूलर या फरकाचा सुमारे ८० टक्के लाभ मिळवून देतो. मग गणित असे :

नागपूर : ४३ − (२० × ०.८) = २७ अंश.
मुंबई : ३३ − (४.५ × ०.८) = सुमारे २९.५ अंश.

नागपुरात हवा १६ अंशांनी उतरली! मुंबईत मात्र साडेतीन अंशच उतरली, आणि वर आधीच दमट असलेल्या हवेत आणखी बाष्प मिसळले. म्हणजे घाम वाळण्याची उरलीसुरली सोयही गेली. कोरड्या हवेत कूलर हे उत्तम यंत्र आहे. तो दीडशे-दोनशे वॉटवर चालतो. पण त्याला पाणी लागते. एका टनाच्या ए.सी.इतकी उष्णता केवळ बाष्पीभवनाने शोषून घ्यायची, तर तासाला सुमारे ५ लिटर पाणी वाफ होऊन जाईल. ज्या गावात टँकर येतो, तेथे हा हिशेबही करायला हवा. शिवाय नागपुरातही जुलै उजाडला की हवा दमट होते आणि तोच कूलर निरुपयोगी ठरतो.

एक महत्त्वाची गोष्ट : कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी हवी, म्हणजे दमट झालेली हवा बाहेर जाईल. वातानुकूलकाच्या बाबतीत बरोबर उलटे. तेथे दारे-खिडक्या बंद हव्यात. का, ते आता पाहू.

वातानुकूलक काय करतो?

१९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिन येथील एका छापखान्यापुढे अडचण उभी राहिली. हवेतील दमटपणा बदलला की कागद फुगे किंवा आकसे. मग एकावर एक छापायचे रंग जुळेनात. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने गार नळ्यांवरून हवा वाहवून तिच्यातील बाष्प काढून टाकणारी योजना तयार केली. आधुनिक वातानुकूलनाची सुरुवात तेथून मानतात. पाहा, प्रश्न गारव्याचा नव्हता, कोरडेपणाचा होता!

आजच्या यंत्रातही हेच घडते. खोलीतल्या नळ्यांच्या गुंडाळीत द्रव शीतकाचे बाष्पीभवन होते आणि ते खोलीतील उष्णता शोषून घेते. ही गुंडाळी दहा-बारा अंशांपर्यंत थंड असते. तिला स्पर्श करणाऱ्या हवेतील बाष्पाचे थेंब बनतात, आणि नळीवाटे टपटप बाहेर पडतात. इकडे संपीडक, म्हणजे कॉम्प्रेसर, त्या वायुरूप शीतकाला दाबून गरम करतो. बाहेरच्या गुंडाळीत शीतक आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन पुन्हा द्रव होते.

थोडक्यात, वातानुकूलक 'थंडी' निर्माण करत नाही. तो उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. विहिरीतून पाणी शेंदण्यासारखे हे काम आहे. विहीर जितकी खोल, तितके श्रम जास्त. येथे खोली म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातील अंतर. तापमान १८ अंशांवर ठेवणे म्हणजे विहीर विनाकारण खोल करणे होय. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या म्हणण्याप्रमाणे तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडील तारांकित घरगुती वातानुकूलक सुरू होताना आपोआप २४ अंशांवर सुरू व्हावेत, असा नियम झाला. तसेच बाहेरचे यंत्र कोंदट, भर उन्हाच्या कोपऱ्यात बसवले, तर वरच्या बाजूने विहीर खोल होते. त्याला सावली आणि मोकळी हवा हवी.

दमटपणाचा खर्च

मुंबईची ३३ अंशांची हवा २५ अंशांवर आणायची आणि तिची आर्द्रता ५५ टक्के करायची आहे, असे समजा. एक घनमीटर हवा आठ अंशांनी थंड करण्यासाठी सुमारे ९ किलोजूल उष्णता काढावी लागते. पण तिच्यातील बाष्प २५ ग्रॅमवरून १३ ग्रॅमवर आणायचे, म्हणजे १२ ग्रॅम पाणी काढायचे. त्यासाठी १२ × २.४३ = सुमारे २९ किलोजूल! हवा थंड करण्यापेक्षा ती कोरडी करण्याचा खर्च तिप्पट आहे.

आता कळले ना, खिडकीची फट का बुजवायची ते? फटीतून आत येणारी प्रत्येक घनमीटर हवा हे ३८ किलोजूलांचे ओझे घेऊन येते. पेटलेली उदबत्ती दार-खिडक्यांच्या कडेने फिरवा. धूर जेथे हलेल, तेथे फट आहे. (मात्र पडद्यांपासून सांभाळा. खोली बंद ठेवून बराच वेळ बसायचे असेल, तर अधूनमधून दार उघडून ताजी हवाही घ्यावी.)

टन म्हणजे काय?

वातानुकूलकाचा टन वजनाचा नव्हे. पूर्वी गारव्यासाठी बर्फ वापरत. एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलोग्रॅम बर्फ २४ तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता शोषतो, तो वेग म्हणजे एक टन. एक किलोग्रॅम बर्फाला वितळण्यास ३३४ किलोजूल लागतात. तेव्हा ९०७ × ३३४ भागिले ८६,४०० सेकंद. उत्तर येते सुमारे ३.५ किलोवॉट, म्हणजेच ३,५०० वॉट.

मग आपल्या खोलीला किती टन हवे? दुकानदार क्षेत्रफळ विचारतो आणि चटकन आकडा सांगतो. पण उष्णता केवळ क्षेत्रफळावर अवलंबून नसते. समजा, १२ फूट × १० फुटांची खोली इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहे आणि खिडकी पश्चिमेला आहे. कडक उन्हाच्या वेळी तिच्यात येणारी उष्णता ढोबळमानाने अशी :

खिडकीच्या काचेतून येणारे ऊन : ७५० वॉट
वरचा तापलेला स्लॅब : ६५० वॉट
भिंती : ४५० वॉट
फटींतून येणारी हवा : ३५० वॉट
तीन माणसे : ३०० वॉट
दिवा, पंखा, टी.व्ही. : १५० वॉट
एकूण : २,६५० वॉट, म्हणजे सुमारे पाऊण टन.

याच इमारतीत मधल्या मजल्यावर, सावलीतली खिडकी असलेली तेवढीच खोली घ्या. स्लॅबचे ६५० वॉट गेले. खिडकीतून १५० आणि भिंतींतून ३०० धरा. एकूण येईल १,२५० वॉट. क्षेत्रफळ तेच, पण ओझे निम्म्याहून कमी!

आता पहिल्या खोलीच्या गच्चीवर पांढरा चुना फासा आणि खिडकीच्या बाहेरून बांबूची चीक सोडा. चीक आतून नको, कारण काचेतून आत आलेले ऊन आतच उष्णता देणार. या दोन उपायांनी साधारण ९०० वॉट कमी होऊ शकतात. म्हणजे पाऊण टनाचे काम अर्ध्या टनावर आले. चुन्याचा खर्च किती आणि त्याने वाचणारी वीज किती, याचा विचार करा. ज्या घरात वातानुकूलक घेण्याची ऐपत नाही, त्या घरालाही हा उपाय तितकाच लागू आहे.

मोठे यंत्र म्हणजे चांगले यंत्र?

"थोडे मोठेच घ्या, लवकर गार होईल," असे अनेकजण म्हणतात. पण एकाच वेगाने चालणारे फार मोठे यंत्र पाच-दहा मिनिटांत खोली थंड करते आणि बंद पडते. तेवढ्या वेळात हवेतील बाष्प पुरेसे निघत नाही. खोली थंड, पण अंग चिकट! दमट किनाऱ्यावर हा दोष फार जाणवतो. याउलट फार लहान यंत्र दुपारभर धापा टाकत राहते. 'इन्व्हर्टर' प्रकारच्या यंत्रात संपीडकाचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त होतो. त्यामुळे ते मंद गतीने दीर्घकाळ चालून बाष्प चांगले काढते आणि वीजही वाचवते. परंतु तेही गरजेच्या दुप्पट आकाराचे घेण्यात अर्थ नाही.

एक अपवाद ध्यानात ठेवा. यंत्रावर छापलेली क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. बाहेर ४५ अंश झाले की ती घटते. म्हणून नागपूर, चंद्रपूर, अकोला अशा ठिकाणी वातानुकूलक घ्यायचाच झाला, तर हिशेबापेक्षा थोडी अधिक क्षमता ठेवावी.

ताऱ्यांची भाषा

यंत्रावरील तारे तुम्ही पाहिले असतील. त्यांच्याजवळच एक आकडा असतो, आय.एस.ई.ई.आर. वर्षभरात यंत्राने बाहेर टाकलेली उष्णता भागिले त्यासाठी खाल्लेली वीज, असा त्याचा अर्थ. हा काढताना २४ ते ४३ अंश तापमान आणि वर्षाला १,६०० तास वापर गृहीत धरतात. ताऱ्यांची मोजपट्टी काही वर्षांनी अधिक कडक होते. जुने पाच तारे नव्या मोजपट्टीवर तीनसुद्धा ठरू शकतात. म्हणून ताऱ्यांबरोबर हा आकडा आणि लेबलवरचे वर्षही वाचा.

एक उदाहरण सोडवू. एका घरातून वर्षाकाठी ३,५०० युनिट उष्णता बाहेर काढायची आहे. आकडा ३.५ असलेले यंत्र त्यासाठी १,००० युनिट वीज घेईल. आकडा ५ असलेले ७०० युनिट घेईल. वाचले ३०० युनिट. युनिटचा दर ८ रुपये धरला, तर वर्षाला २,४०० रुपये. दुसरे यंत्र ८,००० रुपयांनी महाग असेल, तर जादा किंमत साडेतीन वर्षांच्या आत वसूल होते. मात्र ज्या घरात ते वर्षातून तीन आठवडेच चालणार, तेथे हे गणित जुळणार नाही. तुमचे तास तुम्ही मोजा.

शीतकाची निवड

जुन्या यंत्रांतील क्लोरीनयुक्त शीतके वातावरणातील ओझोनच्या थराला घातक ठरली. मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये हा धोका दाखवला, आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ती टप्प्याटप्प्याने हटवली जाऊ लागली. पुढे आलेली काही शीतके ओझोनला निरुपद्रवी, पण पृथ्वी तापवण्यात प्रबळ निघाली. कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत वजनास वजन आर-४१०ए हे सुमारे दोन हजार पट, आर-३२ सुमारे पावणेसातशे पट तापवते. आर-२९०, म्हणजे प्रोपेन, अगदीच थोडे. परंतु प्रोपेन ज्वलनशील असते आणि आर-३२ हेही काही प्रमाणात पेटू शकते. म्हणून जोडणी व दुरुस्ती शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्यावी. शीतक गळू न देणे हे घरच्या आणि पृथ्वीच्याही हिताचे आहे.

आणखी चार गोष्टी. वातानुकूलकाला स्वतंत्र १६ अँपियरचा प्लग आणि पक्की अर्थिंग हवी. समुद्राजवळ खाऱ्या हवेने गुंडाळी गंजते, म्हणून गंजरोधक लेप आहे का ते विचारा. जाळी दोन-तीन आठवड्यांनी धुवा, कारण धुळीने हवा अडली की बिल वाढते. आणि पंखा चालू ठेवा. वारा असला की २६-२७ अंशही सुखद वाटतात.

शेवटी एक गोष्ट विसरू नका. यंत्राने खोलीतून ३,५०० वॉट उष्णता उचलली आणि १,००० वॉट वीज खाल्ली, तर बाहेर ४,५०० वॉट उष्णता पडते. ती शून्यात जात नाही. ती गल्लीत, शेजाऱ्याच्या खिडकीवर, रस्त्यावर भाजी विकणाऱ्या बाईच्या अंगावर जाते. म्हणून आधी सावली, मग चुना, मग पंखा, हवा कोरडी असेल तर कूलर, आणि खरोखर गरज असेल तेथे बेताचा, कार्यक्षम वातानुकूलक. हा क्रम घरच्या मंडळींना आकड्यांसह समजावून सांगा. तुमचे ते नक्की ऐकतील.

तुम्हीच करून पाहा

१. मे आणि जुलै महिन्यांत दुपारी तीन वाजता कोरड्या व ओल्या तापमापकांचे वाचन आठवडाभर नोंदवा. तुमच्या गावी कूलर केव्हा उपयोगी पडेल?

२. एका गावी कोरडे तापमान ४० व ओले २२ अंश आहे. दुसऱ्या गावी ३२ व २७ अंश आहे. ८० टक्के फरक धरून कूलरची हवा किती अंशांची असेल?

३. शेजारी वातानुकूलक असेल, तर रात्रभर त्याच्या नळीखाली बादली ठेवा. (हे पाणी पिऊ नये, फरशी पुसायला वापरावे.) एक लिटर पाणी म्हणजे सुमारे २,४३० किलोजूल. केवळ हवा कोरडी करण्यासाठी रात्रीत किती उष्णता काढली गेली?

(दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : २५.६ अंश आणि २८ अंश.)